हात दाखवून

पहाटे साडेपाचला मी पावाची व्हॅन काढतो.
ट्रेमध्ये गरम बन, काचेवर त्यांची वाफ,
डॅशबोर्डला चिकटवलेली यादी:
अकरा दुकानं, दोन शाळा, एक मठ.
मठातल्या बायका उशिराबद्दल रागावत नाहीत,
म्हणून त्यांचा पाव शेवटी.

कॉर्क शहर म्हणजे नुसते चढ.
समरहिलच्या चढावर ती रोज माझ्या पुढे,
हिरवी सायकल, मागे वेताची पेटी,
साठी उलटलेली, पाठ ताठ,
आणि वेग म्हणाल तर
कणीक फुगते त्या वेगानं.
मी मागे, दुसऱ्या गिअरमध्ये,
तोंडातल्या तोंडात बोलत.

वर दवाखान्यापाशी ती उजवीकडे वळते.
आधी मान वळवून बघते, माझ्याकडेच.
हेडलाइटच्या मागचा मी दिसत नसणार, तरी.
मग उजवा हात बाहेर काढते,
कपड्यांची दोरी ताणून बांधावी तसा सरळ,
आणि रस्त्याच्या मधोमध येते.
हॉर्न मी तेव्हा वाजवायचो.
एकदाच. ओरडायचो नाही कधी,
फक्त वाजवायचो.

घाई सगळी माणसाच्या हातातच असते.

फेब्रुवारीत ती दिसेनाशी झाली.
चढ मोकळा. मी पहिल्या दुकानाशी
चार मिनिटं आधी पोचायचो
आणि बंद शटरसमोर बसून राहायचो.
त्या चार मिनिटांचं काय करायचं
ते मला कधी सुचलं नाही.

भट्टीपाशी फिन्टन म्हणाला,
गोबनेट लूनी ना? दवाखान्यात रक्त घेते ती.
हलका हात. सुई टोचली तरी कळत नाही.
कुणाच्या तरी आरशानं उडवला तो हात,
मनगटातून. थांबलाही नाही बेटा.
पांढरी व्हॅन होती म्हणे.

शहरातल्या निम्म्या व्हॅन पांढऱ्या.
मी नव्हतो.
कुठल्या दिवशी? मी विचारलं.
ते फिन्टनला माहीत नव्हतं.
मी बाहेर जाऊन डावीकडचा आरसा
अंगठ्यानं पुसून बघितला.
कडेला एक चीर होती.
जुनीच असणार.

हात दाखवून अवलक्षण, म्हणतात.
तिनं काय दाखवलं होतं?
एवढंच, की मला तिकडे जायचं आहे.

मार्चच्या एका गारठ्यात ती पुन्हा पुढे.
तीच पेटी, तीच पाठ,
हाताला कोपरापर्यंत प्लास्टर,
त्यावर चमकती पट्टी गुंडाळलेली.
डॉक्टरनं सायकलला परवानगी दिली असेल
असं मला वाटत नाही.
दवाखान्यापाशी तिनं मान वळवली, थांबली क्षणभर,
मग तो पांढरा ओंडका हळूहळू बाहेर आला.
हेडलाइटमध्ये मला अक्षरं वाचता आली:
दारा, शीला, मिखॉल,
आणि खाली कुणा लहानग्यानं
निळ्या खडूनं काढलेला एक बाण,
जाडजूड, थोडा वाकडा,
उजवीकडे.

माझा तळवा हॉर्नवर होता.
मागून एक टॅक्सी बाहेर निघू पाहत होती,
मला आणि तिला एका दमात ओलांडायला.
मी काच खाली केली
आणि उजवा हात बाहेर काढला.
सायकल चालवून मला तीस वर्षं झाली.
हात असा धरून ठेवला की
किती जड होतो, ते विसरलो होतो.
बाहीत पाऊस शिरला, बारीक, बर्फाळ.
टॅक्सीनं हॉर्न वाजवला.
मग पुन्हा. मग दाबूनच धरला.
ती वळली. मागे बघितलं नाही तिनं,
बघायचं कारणही नव्हतं.

मठाच्या दारात सिस्टर अटराक्टानं
पाव मोजून घेतले, दोनदा,
आणि म्हणाली, अरे, तुझी एकच बाही ओली कशी?

वळायचं होतं, मी म्हणालो.